श्वान कोणाच्या दारात थांबले, हे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या तालुक्यातल्या एका घरफोडीची बातमी आली. बातमी सात-आठ ओळींचीच. घरातले सगळे लग्नाला परगावी गेलेले, मागच्या दाराची कडी तोडून चोर आत शिरले, कपाट फोडले, दागिने आणि रोकड गेली, ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येऊन गेले. शेवटच्या ओळीत होते की श्वानाने गावाबाहेरच्या वस्तीपर्यंत माग दाखवला आणि ते तिथेच घुटमळले. वस्तीचे नाव दिले नव्हते. देण्याची गरजही नव्हती. आमच्या गावाबाहेर वस्ती एकच आहे, पारध्यांची.

त्या दिवसापासून वस्तीवरच्या बायकांना कांदाकाढणीला कोणी बोलावलेले नाही. मुकादमाने निरोप धाडला की तूर्त येऊ नका. किराणा दुकानात उधारी बंद झाली. सातवीतला एक मुलगा शाळेतून भरदुपारी घरी आला, तो परत गेलेला नाही. पोलिसांनी वस्तीवरच्या कोणाला अटक केलेली नाही, कोणावर संशय असल्याचेही म्हटलेले नाही. हे सगळे त्या एका ओळीने झाले. आपल्या वार्ताहराच्या मनात कोणाचे वाईट करायचे नव्हते, याची मला खात्री आहे. अशी ओळ आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापली जाते आणि ती छापताना कोणी थांबून विचार करत नाही. तो विचार व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. पोलीस दलातून मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ जिल्ह्याच्या श्वानपथकात हँडलर म्हणून गेला, त्यामुळे माग काढणारा कुत्रा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला जवळून माहीत आहे.

माझ्याकडे राणी नावाची डॉबरमन मादी होती. पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे आम्ही दोघे एकत्र शिकलो. पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की शिकवणी सुरू होते. आधी नुसती शिस्त: बस, थांब, पायाशी चाल, परक्याच्या हातचे खायचे नाही. मग माग. सुरुवातीला एक माणूस कुत्र्याच्या डोळ्यांदेखत पळत जाऊन झुडपामागे लपतो. पुढे तो आधीच जाऊन लपलेला असतो. पुढे त्याच्या वाटेवरून दुसरी माणसे मुद्दाम आडवी चालवतात, म्हणजे कुत्र्याने एकच वास धरून ठेवायचा आणि बाकीचे सोडायचे. सापडला की चेंडू मिळतो, पाठीवर थाप मिळते. कुत्र्याच्या दृष्टीने तपास म्हणजे एवढेच. चोर, साव, फिर्यादी, आरोपी हे त्याच्या जगात नाहीत. त्याला एक वास दिला आहे आणि तो वास जिथवर जमिनीवर आहे तिथवर त्याला जायचे आहे.

हा वास म्हणजे तरी काय? चालत्या माणसाच्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सारखे गळत असतात, त्यात घाम असतो. पायाखाली गवत चिरडते, माती उकरली जाते, त्याचाही वेगळा वास सुटतो. थंडावा आणि ओल असेल तर हे जमिनीला धरून राहते. बांधाच्या सावलीला, चरीत, कुंपणाच्या बुडाशी ते साचते. ऊन चढले, वारा सुटला की उडून जाते. डांबरी रस्त्यावर मुळातच कमी टिकते. म्हणून पहाटेची चोरी सकाळी सातला कळली आणि आम्ही आठला पोचलो तर आशा असायची. तीच खबर दुपारी बाराला, चैत्राच्या उन्हात मिळाली तर राणीला जीपमधून उतरवतानाच मला कळायचे की आज फार लांब जाणार नाही.

माग चांगला असला की ते बघण्यासारखे असते. उसाच्या बांधावर दव पडलेले. राणीचे नाक जमिनीपासून चार बोटांवर, मान खाली, दोरी पूर्ण ताणलेली, माझ्या मनगटाला सारखी ओढ. मागे वळून बघणे नाही, शेजारून म्हैस गेली तरी लक्ष नाही. मग वास पातळ होऊ लागतो. सर्वांत आधी ते दोरीला कळते, ओढ कमी होते. मग तिचे डोके वर येते. ती थोडी मागे येते, डावीकडे अर्धा फेरा घेते, उजवीकडे घेते, पुन्हा त्याच जागी येते आणि माझ्याकडे बघते. बातमीत जे घुटमळणे छापून येते ते हे. याचा अर्थ एवढाच की इथून पुढे मला वास मिळत नाही.

का मिळत नाही, याची कारणे अनेक. चोर तिथे गाडीवर बसला असेल, आणि बहुतेक वेळा तेच असते, म्हणून माग नेहमी रस्त्याच्या कडेला येऊन तुटतो. तिथून शेळ्यांचा कळप गेला असेल. पाट फुटून पाणी वाहिले असेल. जमीन बदलली असेल, म्हणजे काळ्या मातीवरून मुरमावर किंवा सिमेंटवर आलो असू. चोर तिथे थांबून पाणी प्यायला असेल, बिडी ओढली असेल, तर त्या जागी वास दाट होतो आणि कुत्रा तिथे जास्त वेळ काढतो. वस्तीजवळ चोर कशाला जाईल, असे लोक विचारतात. रात्री गावातून बाहेर पडायची पायवाट वस्तीवरूनच जात असेल तर तो दुसरीकडून कसा जाईल?

एका गावातले मी विसरू शकत नाही. घरफोडीच झालेली. मागच्या परसात एक कटावणी पडली होती. ती सुदैवाने कोणी उचलली नव्हती, म्हणून राणीला चांगला वास देता आला. ती घराला वळसा घालून ओढ्यात उतरली, ओढ्यातून वर चढली आणि दोन घरांच्या मधल्या हापशापाशी थांबली. हापशाच्या कठड्याभोवती हुंगत राहिली. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा आणि त्याचा तरुण मुलगा बसला होता. आमच्या मागे अर्धा गाव. कोणीतरी ओरडले, "घावला!" आणि आम्ही आडवे जायच्या आत त्या पोराच्या कानाखाली बसली होती.

मी तपास अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे सांगितले की राणी हापशापाशी थांबली आहे, घराकडे तिने तोंडही फिरवलेले नाही. माझ्या अहवालातही तसेच लिहिले. पण गर्दी अहवाल वाचत नाही. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आले की श्वान एका घराजवळ घुटमळले, आणि हापशाचा उल्लेख त्यात नव्हता. पोराला चौकशीला बोलावले, सोडले, पुन्हा बोलावले. काही महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात एक टोळी पकडली गेली, तिच्यातल्या एकाच्या बोटांचे ठसे आमच्या गुन्ह्यातल्या कपाटावरच्या ठशांशी जुळले. ओढ्यातल्या चिखलाने पाय भरले म्हणून हापशावर धुतले आणि पलीकडे लावलेल्या मोटारसायकलवरून गेलो, असे त्यांनी सांगितले. राणीने अगदी बरोबर दाखवले होते. तो मुलगा मात्र तोवर गाव सोडून गेला होता. टोळी पकडल्याची बातमी आली, तिच्यात त्या घराचे नावनिशाण नव्हते. त्याच्या म्हाताऱ्याने मला बाजारात गाठून विचारले, "साहेब, आता पेपरात येईल का, की माझा पोरगा नव्हता म्हणून?" मला उत्तर देता आले नाही.

लोकांचा पोलिसांच्या कुत्र्यावर विश्वास आहे, आणि तो उगाच नाही. 1959 साली मुंबई पोलिसांनी डॉबरमन कुत्रे घेऊन पथक उभे केले, तेव्हापासून या मुक्या सहकाऱ्यांनी फार मोठे काम केले आहे. मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर आमच्याच शिवाजीनगरच्या केंद्रात तयार झाला. मार्च 1993 च्या साखळी स्फोटांनंतर त्याने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसे शोधून दिली. त्याने किती जीव वाचवले ते कोणाला मोजता येणार नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला. बीड पोलिसांच्या रॉकीने तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली. पंतप्रधानांनी ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या हँडलरांचे डोळे भरून आले.

पण झंजीरच्या कामात आणि राणीच्या कामात एक मोठा फरक आहे, आणि तो लोकांपर्यंत कधी पोचलाच नाही. स्फोटके शोधणारा कुत्रा एखाद्या स्कूटरपाशी जाऊन गप्प बसतो. त्याला भुंकायचे नाही, ओरबाडायचे नाही, नुसते बसायचे, असेच शिकवलेले असते. मग पथक ती स्कूटर उघडते. आत स्फोटके असली तर कुत्रा बरोबर, नसली तर चूक. पाच मिनिटांत निकाल लागतो आणि तो सगळ्यांना डोळ्यांनी दिसतो. माग काढणाऱ्या कुत्र्याच्या शेवटाला असे उघडून बघण्यासारखे काही नसते. कधी शेतात फेकलेली रिकामी पेटी सापडते, कधी चोराची चप्पल, तेव्हा त्याचे काम सिद्ध होते. पण नुसता एका जागी थांबला, तर ती जागा म्हणजे तपास अधिकाऱ्याला मिळालेली एक दिशा आहे. इथे टायरच्या खुणा बघा, पहाटे दुधाची गाडी घेऊन कोण जातो त्याला विचारा, जवळ कुठे सीसीटीव्ही आहे का पाहा. दिशा दाखवणे हेच त्याचे काम, आणि ते कमी मोलाचे नाही.

न्यायालयांनी हे पूर्वीच ओळखले आहे. आपल्याच राज्यातून गेलेल्या, रेल्वेगाडी घसरवल्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली यावर विचार केला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या वतीने बोलणारा हँडलर जे सांगतो ते ऐकीव ठरते, आणि माणसाचे आयुष्य व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगलेले असू नये, हे आक्षेप त्या निकालपत्रात नोंदवलेले आहेत. 2001 मध्ये आंध्र प्रदेशातल्या आणि 2008 मध्ये आसाममधल्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे हेच राहिले की श्वानाचा उपयोग तपासाला जरूर करावा, पण दोष सिद्ध करायला तो पुरावा दुबळा आहे. मी स्वतः साक्षीला उभा राहिलो आहे. आरोपीच्या वकिलांनी विचारले होते की कुत्र्याच्या मनात काय होते हे तुम्हाला कसे कळले. मी म्हणालो, मनातले कळत नाही, दोरीची ओढ कळते. न्यायाधीशांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले.

आणि ती दोरी दोन्ही बाजूंनी बोलते, हे आमच्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे. हँडलरच्या मनात एखाद्या घराविषयी संशय आधीच बसलेला असेल तर त्याची पावले तिथे मंदावतात, हात किंचित आखडतो, आणि कुत्र्याला ते समजते. कुत्रा मालकाला खूश करायला बघतो. माझी पुतणी पशुवैद्यक आहे. तिने मला एका प्रयोगाची माहिती वाचून दाखवली. 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 18 हँडलर आणि त्यांचे कुत्रे घेतले. खोल्यांमध्ये काहीही लपवलेले नव्हते, पण हँडलरांना सांगितले होते की लाल कागद लावलेल्या जागी अमली पदार्थ किंवा स्फोटके आहेत. एकूण 144 शोध घेतले गेले, त्यातल्या फक्त 21 मध्ये हँडलरने कुत्र्याने काही दाखवले असे सांगितले नाही. ही प्रशिक्षित, कामावर असलेली पथके होती. आता आपल्याकडे गाव भोवती उभा आहे, सरपंच कानाशी लागून सांगतो आहे की आमचा संशय अमक्यावर, अशा वेळी नव्या हँडलरवर केवढा दाब येतो याचा विचार करा. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम होता की हँडलरने माग संपेपर्यंत फिर्यादीशी बोलायचेच नाही. तो नियम आज सगळीकडे पाळला जावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. संशयितांना रांगेत उभे करून कुत्रा फिरवायचा प्रकार तर पूर्ण बंद व्हावा.

पारध्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मतःच माणसांवर चोरीचा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी गावाच्या मनातला शिक्का गेलेला नाही, आणि खाकीतल्या काहींच्या मनातलाही गेलेला नाही, हे मी तीस वर्षांहून अधिक खाकी घातलेला माणूस लिहितो आहे. अशा वस्तीच्या नावाशी पोलिसांचा कुत्रा एकदा जोडला गेला की पुढे खरा चोर सापडला तरी उपयोग होत नाही. म्हणून त्या घरफोडीसंबंधी वस्तीवरच्या कोणाविरुद्ध पोलिसांनी संशय व्यक्त केलेला नाही, एवढा खुलासा आपण ज्या पानावर बातमी आली त्याच पानावर छापावा. पोलीस ठाण्याकडून खात्री करून घ्या आणि मगच छापा. पण उशीर करू नका, कांदाकाढणी अजून चालू आहे.

यापुढेही आपल्या वार्ताहरांनी श्वानपथक आले होते एवढे जरूर लिहावे. ते कोणत्या दिशेने गेले, कोणत्या वस्तीपाशी, कोणाच्या दारात थांबले, हे तपासात दुसरा काही पुरावा मिळेपर्यंत लिहू नये. तसे न लिहिण्यात पोलिसांचाही फायदा आहे. चोराला सकाळी पेपरातून कळते की माग अमक्या रस्त्यापर्यंत लागला, तर तो पुढची वाट बदलतो.

गावकऱ्यांसाठीही दोन शब्द छापावेत. चोरी झाली की शेजारीपाजारी, भाऊबंद, आख्खी आळी घरात शिरून बघते. फोडलेल्या कपाटाला हात लावते, सांडलेले कपडे गोळा करते, कटावणी हातोहात फिरते. मग तिच्यावर पंधरा माणसांचा वास असतो, त्यातला चोराचा कोणता हे कुत्र्याने कसे ओळखावे? अशी वस्तू चिमट्याने किंवा कोऱ्या कागदाने उचलून स्वच्छ पिशवीत ठेवावी लागते, आणि ते काम पथकाचे आहे. पोलीस येईपर्यंत चोर ज्या दाराने आला-गेला असे वाटते ते दार आणि त्यामागची वाट मोकळी ठेवा. परसात झाडलोट करू नका, सडा घालू नका. मी असे कितीतरी घरी पाहिले की सकाळी सवयीने सडा-रांगोळी झाली आणि माग तिथेच धुऊन गेला. चोराने मिरचीपूड टाकली असली तरी घाबरून झाडू नका. अनुभवी हँडलर तेवढी जागा टाळून पुढे फेरा मारतो आणि बऱ्याचदा पलीकडे माग पुन्हा मिळतो. पोलीस पाटलांनी चार पोरे उभी करून दोन दोऱ्या बांधल्या तरी पुरे आहे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. तो तज्ज्ञ आणि कुत्रा दोघांनाही जागा कोणी न तुडवलेली हवी असते.

श्वानपथकांच्या अडचणींवर, म्हणजे जिल्ह्याला मोजकेच कुत्रे, गाडीला पंखासुद्धा नाही, हँडलरची बदली झाली की जोडी तुटते, यावर स्वतंत्र लिहिता येईल. आज तो विषय नाही.

आपल्या तालुका वार्ताहरांची बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी होते असे ऐकतो. तिथे मला अर्धा तास दिलात तर माझ्या खर्चाने येईन आणि माग कसा काढतात, तो कसा तुटतो, हे प्रत्यक्ष सांगेन. वार्ताहरांनी मनात येतील ते सगळे प्रश्न विचारावेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सहायक फौजदार (श्वानपथक)

(वस्तीची ओळख पटू नये म्हणून माझे व गावाचे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. दोन्ही सोबतच्या कागदावर दिले आहे.)